ऑपरेशननंतर पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून घरच्यांनी काय करायचं

घरात कुणाचं गुडघ्याचं, खुब्याचं किंवा पोटाचं मोठं ऑपरेशन ठरलं की सगळ्यांचं लक्ष त्या एका दिवसावर असतं. सर्जन कोण, खर्च किती, रजा कुणी टाकायची, रात्री दवाखान्यात कोण झोपणार. ऑपरेशन पार पडलं, डॉक्टर बाहेर येऊन 'छान झालं' म्हणाले, की आपण निर्धास्त होतो. पायाच्या खोल शिरेत रक्त गोठून गुठळी होण्याचा धोका मात्र तिथून पुढे सुरू होतो आणि काही आठवडे राहतो. दवाखान्यात याला 'डीव्हीटी' म्हणतात. हल्ली पेशंटला लवकर घरी सोडतात. म्हणजे धोक्याचे बरेचसे दिवस घरीच जातात, आणि त्या दिवसांत पेशंटच्या उशाशी आपण असतो.

माझ्या आईच्या गुडघ्याच्या आणि नंतर सासूबाईंच्या खुब्याच्या ऑपरेशनला मी सोबत होते. दोघींची उस्तवार करताना जे कळलं ते क्रमानं लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. कोणतं औषध, किती आणि किती दिवस, हे तुमचे सर्जनच ठरवतील. पण त्यांना काय विचारायचं, घरी काय पाहायचं आणि आपल्या कुठल्या प्रेमाच्या सवयी या दिवसांत बाजूला ठेवायच्या, हे आधी माहीत असलं तर पुढचा गोंधळ टळतो.

आधी हे होतं कसं ते थोडक्यात. पोटरी हा पायातला पंप आहे. चालताना तिचे स्नायू आवळतात, त्यांच्यामधल्या शिरा दाबल्या जातात आणि रक्त हृदयाकडे वर ढकललं जातं. शिरांमधल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. माणूस निजून राहिला की हा पंप थांबतो. त्यात ऑपरेशनमुळे शिरांना इजा झालेली असते आणि रक्तस्राव थांबावा म्हणून शरीरानं रक्त गोठवण्याची तयारी वाढवलेली असते. रक्ताचा वेग मंदावणं, शिरेला इजा होणं, रक्त गोठण्याकडे कल वाढणं ही तीन कारणं एकोणिसाव्या शतकातले जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिरखो यांच्या नावानं ओळखली जातात. त्यांचा जन्मदिवस, १३ ऑक्टोबर, जागतिक थ्रॉम्बोसिस दिन म्हणून पाळतात. मोठ्या ऑपरेशननंतर ही तिन्ही कारणं एकाच वेळी हजर असतात.

गुठळी पायातच राहिली तर पाय सुजतो, दुखतो. खरी भीती तिचा तुकडा सुटण्याची. तो शिरेतून हृदयात आणि तिथून फुप्फुसात जाऊन अडकतो. मोठी रक्तवाहिनी बंद झाली तर माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो. पायात गुठळी झालेल्यांपैकी साधारण निम्म्या लोकांना काहीच जाणवत नाही. म्हणून 'त्रास झाला तर बघू' हा विचार इथे चालत नाही.

१. तारीख ठरली की जोखीम विचारा

सगळ्या ऑपरेशनांचा धोका सारखा नसतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून माणूस त्याच दिवशी चालत घरी येतो, तिथे या लेखाची गरज नाही. गुडघा किंवा खुबा बदलणं, खुब्याचं हाड मोडल्यावरचं ऑपरेशन, कॅन्सरचं ऑपरेशन, पोटाची आणि ओटीपोटाची मोठी ऑपरेशनं, यांत धोका जास्त.

त्यात पेशंटची स्वतःची भर पडते. वय साठीच्या पुढे, वजन जास्त, पूर्वी कधी गुठळी झालेली, आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला झालेली, कॅन्सर, पायाला व्हेरिकोज व्हेन्स (फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरा), गर्भनिरोधक गोळ्या किंवा पाळी गेल्यानंतर घेतल्या जाणाऱ्या हार्मोनच्या गोळ्या, धूम्रपान, नुकतंच झालेलं बाळंतपण. डॉक्टर यासाठी गुण मांडतात. त्यातली एक प्रसिद्ध पद्धत कॅप्रिनी स्कोअर नावाची आहे. गुडघा किंवा खुबा बदलण्याच्या ऑपरेशनला त्यात एकदम ५ गुण, ६१ ते ७४ वयाला २, पूर्वी गुठळी झालेली असेल तर ३. एकूण ५ किंवा जास्त झाले की जोखीम मोठी धरतात. म्हणजे अडुसष्ट वर्षांच्या बाईचा गुडघा बदलायचा असेल तर बाकी सगळं उत्तम असूनही ती ७ गुणांवर जाते.

हे गणित आपण करायचं नाही. सर्जनना एवढंच विचारायचं: "यांना गुठळीचा धोका किती आहे, आणि त्यासाठी तुम्ही काय देणार आहात?" हा प्रश्न ऑपरेशनच्या आधीच्या भेटीत विचारा. डिस्चार्जच्या गर्दीत, बिलाच्या खिडकीसमोर, कुणालाच नीट बोलायला वेळ नसतो.

आणि एक गोष्ट न लाजता सांगा. गर्भनिरोधक किंवा हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर त्या बायका सासरच्या माणसांसमोर सांगत नाहीत, आणि डॉक्टर नेमके सगळ्यांसमोर विचारतात. ठरवून केलेल्या मोठ्या ऑपरेशनच्या साधारण चार आठवडे आधी या गोळ्या थांबवायच्या का, हे डॉक्टरांना ठरवावं लागतं. पेशंटला एकटीला आत जाऊ द्या.

२. फाईल आणि सामान आधीच तयार ठेवा

फाईलमध्ये हे असू द्या:

– आधीच्या सगळ्या ऑपरेशनांची आणि ॲडमिशनची डिस्चार्ज कार्डं. पूर्वी गुठळी झाली असेल तर तो डॉपलरचा (पायाच्या शिरांच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट सगळ्यांत वर.
– सध्या चालू असलेल्या सर्व गोळ्यांची यादी, डोससकट. आयुर्वेदिक काढे, हळदीच्या कॅप्सूल, कुणी दिलेली पुडी, सगळं त्यात लिहा.
– क्रिएटिनिन आणि प्लेटलेट्स असलेले ताजे रक्ताचे रिपोर्ट. किडनी अशक्त असेल तर रक्त पातळ ठेवणाऱ्या काही औषधांचा डोस बदलावा लागतो.
– ॲलर्जी, ॲसिडिटीचा अल्सर, पूर्वी कधी झालेला रक्तस्राव, मेंदूतला रक्तस्राव असल्यास त्याची नोंद.
– विम्याची किंवा योजनेची कागदपत्रं, आधार, आणि जवळच्या दोघांचे फोन नंबर मोठ्या अक्षरात.

घरी लागणारं सामान: वॉकर, कमोड किंवा कमोडची खुर्ची, हात टेकता येतील अशी उंच आणि घट्ट बैठकीची खुर्ची, शिवणकामाची मोजपट्टी, एक वही. मोजपट्टी कशाला ते पुढे येईल.

हृदयासाठी ॲस्पिरीन किंवा क्लोपिडोग्रेल आधीपासून चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका आणि स्वतःहून चालूही ठेवू नका. पाठीच्या मणक्यातून भूल द्यायची असेल तर रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांच्या वेळा भूलतज्ज्ञांना काटेकोर सांभाळाव्या लागतात. त्यांच्या तपासणीला यादी घेऊनच जा.

३. स्टॉकिंग्ज मापानंच घ्या

यात लोक सर्वांत जास्त फसतात. मेडिकलमध्ये जाऊन "गुठळीचे मोजे द्या" म्हटलं की हाताला येईल ते दिलं जातं. गुठळी टाळण्यासाठीचे मोजे आणि व्हेरिकोज व्हेन्ससाठीचे मोजे यांचा दाब वेगळा असतो. निजून असलेल्या पेशंटसाठीच्या मोज्यांचा दाब सौम्य असतो, घोट्याशी साधारण १८ मिलिमीटर पारा. व्हेरिकोजचे मोजे त्याहून बरेच घट्ट असू शकतात. डॉक्टरांनी लिहून दिलेला प्रकार आणि दाब चिठ्ठीवर असू द्या. पोटरीचा घेर, मांडीपर्यंतचे हवे असतील तर मांडीचा घेर आणि पायाची लांबी मोजून मगच माप ठरवा. माप सकाळी, पाय सुजायच्या आत घ्या. ऑपरेशननंतर सूज आली की माप बदलतं, तेव्हा पुन्हा मोजा.

क्रेप बँडेज घट्ट गुंडाळणं हा याला पर्याय होत नाही. बँडेजचा दाब कुठे किती पडेल याचा नेम नसतो आणि मध्येच आवळलं तर उलट रक्त अडतं. तेच मोज्यांचं. वरची कड दुमडून ठेवली, किंवा मोजा घसरून गुडघ्यामागे त्याची वळी झाली, की ती दोरीसारखी आवळते. दिवसातून दोन-तीनदा हात फिरवून सुरकुत्या सरळ करा. रोज एकदा मोजे काढून पाय पुसा, कोरडे करा आणि टाच, घोटा, बोटं नीट बघा. लाल चट्टा, फोड, निळसर बोटं, मुंग्या दिसल्या तर मोजे काढून लगेच सिस्टरना किंवा डॉक्टरांना दाखवा. रोज किती तास घालायचे, रात्री घालायचे का, हे दवाखान्यातून लिहून घ्या.

पायाच्या धमन्यांचा आजार असलेल्यांना आणि मधुमेहामुळे पायाची संवेदना गेलेल्यांना हे मोजे चालत नाहीत. आपल्याकडे मधुमेह घरोघरी आहे, म्हणून हे वेगळं लिहिते आहे. शेजारच्या काकूंचे उरलेले मोजे आणून चढवू नका.

४. ऑपरेशनची रात्र: पाय हलवणं तिथूनच सुरू

भुलीचा अंमल उतरून पायात जाणीव आली की, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर, घोट्यांचा व्यायाम सुरू करायचा. पाऊल स्वतःकडे ओढायचं, मग खाली ढकलायचं, सावकाश आणि पूर्ण. जागेपणी दर तासाला दहा-पंधरा वेळा, दोन्ही पायांनी. ऑपरेशन एका पायाचं झालं म्हणून दुसरा पाय विसरू नका, गुठळी त्यातही होऊ शकते. बाकीचे व्यायाम फिजिओ शिकवतील. ते शिकवत असताना त्यांना विचारून मोबाईलवर व्हिडिओ घ्या. घरी गेल्यावर कुठला व्यायाम कसा, यावरून वाद होतात तेव्हा तो कामाला येतो.

बऱ्याच दवाखान्यांत पोटऱ्यांना पट्टे बांधून हवेचा पंप लावतात. तो ठरावीक वेळानं फुगतो, पोटरी दाबतो, सैल होतो. पेशंटला आवाजानं झोप येत नाही, गरम होतं, मग तो "काढा हे" म्हणतो आणि आपण दयेनं काढून देतो. बाथरूमला जाताना काढलेला पंप तर हमखास पलंगाखालीच राहतो. हा पंप चालू असेल तेवढाच वेळ काम करतो. परत आल्यावर तो लावला गेला का हे बघणं सोबतीच्या माणसाचं काम समजा.

तीन गोळ्यांचं श्वासाचं यंत्र दिलं असेल तर तेही लिहून टाकते: ते फुंकायचं नसतं, श्वास आत ओढून गोळ्या वर न्यायच्या असतात. त्याचा उपयोग फुप्फुसांसाठी, गुठळीशी थेट संबंध नाही. पण खोल श्वास घेणारा पेशंट उठायलाही लवकर तयार होतो, हे मी दोन्ही वेळा पाहिलं.

५. उठवायचं आणि चालवायचं

माझ्या मते या सगळ्या लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच, आणि घरोघरी सर्वांत जास्त मोडली जाते तीही हीच.

आपल्याकडे आजारी माणसावर माया करायची पद्धत म्हणजे त्याला हलू न देणं. "तू पडून राहा, मी देते." "एवढं मोठं ऑपरेशन झालंय, आत्ता कुठे चालायचं?" भेटायला येणारे मामा-मावशी उठता उठता सांगतात, "महिनाभर पलंगावरून पाय खाली ठेवू नका." फिजिओ सकाळी येऊन पेशंटला उभं करतात आणि दुपारी नातेवाईक त्याला परत निजवतात. जुन्या काळी ऑपरेशननंतर खरंच आठवडेच्या आठवडे निजवून ठेवत, ती आठवण अजून घरांत आहे. आता गुडघा बदललेल्या पेशंटला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभं करतात, ते उगाच घाई म्हणून करत नाहीत. लवकर उठणं हाच गुठळीवरचा पहिला उपाय आहे.

कसं उठवायचं: आधी पलंगाच्या कडेला दोन-चार मिनिटं बसवा. चक्कर, मळमळ नाही ना विचारा. मग वॉकर समोर, एक माणूस शेजारी, आणि उभं. पहिल्या दिवशी दारापर्यंत, दुसऱ्या दिवशी पॅसेजमध्ये. एकदम लांब चालवून दमवू नका, दिवसातून अनेकदा थोडं थोडं चालवा. दुखतंय म्हणून चालत नाहीत असं असेल तर डॉक्टरांना सांगून वेदनाशामकाची वेळ व्यायामाच्या आधीची करून घ्या. दुखणं सहन करत निपचित पडून राहणारा पेशंट शहाणा दिसतो, पण धोक्यात तोच असतो. लघवीची नळी, सलाईन, ड्रेन यांमुळे पेशंट पलंगाला बांधल्यासारखा होतो. "नळी कधी निघणार?" हे रोज सकाळच्या राउंडला विचारा.

हाडाच्या काही ऑपरेशनांत पायावर वजन टाकायची मनाई असते. तिथे चालण्याचं वेळापत्रक सर्जनचं, आपण जोर करायचा नाही. घोटे हलवणं आणि खुर्चीत बसवणं चालेल का ते विचारा.

सिझेरियन झालेल्या मुलीच्या घरच्यांनी हा भाग दोनदा वाचा. सिझेरियन हेही पोटाचं मोठं ऑपरेशन आहे. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे, त्यातही पहिले तीन, गुठळीचा धोका वाढलेला असतो. आपला सव्वा महिना नेमका याच काळात येतो. डिंकाचे लाडू, आळीव, शेक-शेगडी, सगळं करा. पण बाळंतिणीला अंधाऱ्या खोलीत सव्वा महिना निजवून ठेवू नका आणि पाणी तोडू नका. दुसऱ्या दिवसापासून तिला घरात हिंडू-फिरू द्या. डॉक्टरांनी पोटात घ्यायची इंजेक्शनं लिहून दिली असतील तर "अंगावर पाजतेय, औषध नको" म्हणून परस्पर बंद करू नका, ही शंका त्यांनाच विचारा.

६. रक्त पातळ ठेवणारं औषध

याला सगळे रक्त पातळ करायचं औषध म्हणतात. खरं तर ते रक्ताची गोठण्याची क्रिया मंद करतं, झालेली गुठळी विरघळवत नाही. प्रकार साधारण तीन. पोटाच्या कातडीत द्यायचं इंजेक्शन (एनोक्सापॅरिन हे त्यातलं नेहमीचं), रोज घ्यायच्या गोळ्या (रिव्हारोक्साबान, अपिक्साबान, डॅबिगॅट्रान), आणि काही पेशंटना ॲस्पिरीन. कुणाला काय, ते धोका आणि रक्तस्रावाची शक्यता तोलून ठरतं. शेजारच्या पलंगावरच्या माणसाला वेगळं दिलं म्हणून घाबरून जाऊ नका.

कोर्स किती? गुडघा बदलल्यावर बहुधा दोन आठवड्यांच्या आसपास, खुबा बदलल्यावर पाच आठवड्यांपर्यंत. कॅन्सरच्या पोटाच्या ऑपरेशननंतर चार आठवड्यांपर्यंतही देतात. तुमच्या पेशंटचा आकडा डिस्चार्ज कार्डवर हवा. दवाखान्यातून निघण्याआधी कार्डवर या चार गोष्टी आहेत का ते बोट ठेवून वाचा: औषधाचं नाव, डोस आणि वेळ, पुढचा डोस कधी, शेवटचा डोस कोणत्या तारखेला. नुसतं 'चालू ठेवा' लिहिलेलं असेल तर रेसिडेंट डॉक्टरांकडून तारीख घालून घ्या.

इथले सापळे मी आजूबाजूला पुन्हा पुन्हा पाहिले आहेत. पहिला: मेडिकलवाल्यानं एक पट्टी दिली, ती संपली, म्हणून औषधही संपलं. दुसरा: गावातल्या ओळखीच्या कुणी सांगितलं, "आता चालतायत ना, मग बंद करा." तिसरा उलटा, कोर्स संपल्यावरही कुणी थांबवलंच नाही आणि गोळी महिनोन्‌महिने चालू राहिली. चौथा सर्वांत गंभीर: जुनी ॲस्पिरीन चालूच, त्यावर नवी गोळी, आणि गुडघा दुखतो म्हणून मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन. यानं पोटात रक्तस्राव होऊ शकतो. दुखण्यासाठी डॉक्टरांनी लिहिलेलंच घ्या.

डोस चुकला तर? रोज एकदाची गोळी असेल तर त्याच दिवशी आठवल्याबरोबर घ्या, दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी एकच. राहिलेली भरून काढायला दोन गोळ्या एकदम कधीही नाही. इंजेक्शन चुकलं तर दवाखान्यात फोन करून विचारा.

पोटातलं इंजेक्शन घरी द्यायचं असेल तर सिस्टरकडून दवाखान्यातच शिकून घ्या आणि एकदा त्यांच्यासमोर स्वतः देऊन पाहा. हात धुवायचे. पेशंटला निजवायचं किंवा मागे टेकून बसवायचं. बेंबीपासून दोन इंच सोडून, कडेच्या बाजूला, एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे. कातडीची चिमूट धरायची, सुई सरळ उभी आत, औषध सावकाश सोडायचं, सुई बाहेर काढेपर्यंत चिमूट सोडायची नाही. भरून आलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा पूर्ण डोस देताना काढायचा नसतो. तो काढायला गेलं की थोडं औषधही सांडतं. नंतर चोळायचं नाही, हेच सगळे करतात आणि मग मोठा निळा डाग पडतो. छोटा डाग तसाही पडतोच, त्याला घाबरू नका. वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात टाका आणि डबा दवाखान्यात परत द्या. कचरा वेचणाऱ्या बाईच्या हाताला ती टोचू नये. औषधं फ्रीजरमध्ये ठेवू नका.

रक्तस्रावाच्या खुणा सगळ्या घराला माहीत हव्यात: डांबरासारखी काळी शौच, लघवीतून रक्त, हिरड्या किंवा नाक वाहायचं थांबत नाही, ड्रेसिंग पुन्हा पुन्हा भिजतं. पेशंट पडला आणि डोक्याला मार लागला तर वर काही दिसत नसलं तरी दवाखान्यात न्या. दातांच्या डॉक्टरकडे जायची वेळ आली तर खुर्चीत बसण्याआधीच हे औषध चालू असल्याचं सांगा.

७. घरी आल्यावरच्या सवयी

मालिश नाही. हे पहिलं. पाय सुजला, जड झाला की आपल्याकडे तीळतेल कोमट करून चोळायची पद्धत आहे, रात्री आईचे पाय चेपून देणारी मुलं भाग्याची मानतात. पण आत गुठळी असेल तर चोळण्यानं, दाबण्यानं तिचा तुकडा सुटू शकतो. ऑपरेशननंतरच्या या आठवड्यांत सुजलेल्या, दुखऱ्या पोटरीला कुणीही हात लावायचा नाही, ना मालिशवाल्या बाईंनी, ना नातवंडांनी.

पाणी. हे फार कुणी बोलत नाही. वॉकर घेऊन बाथरूमला जायचं, सुनेला किंवा मुलाला उठवायचं, याचा संकोच वाटून म्हातारी माणसं मुद्दाम पाणी पीत नाहीत. संध्याकाळी सहानंतर तर घोटही नाही. शरीरातलं पाणी कमी झालं की रक्त गोठायला मदत होते. रागावून उपयोग नसतो. कमोडची खुर्ची पलंगाजवळ आणा, रात्री दिवा चालू ठेवा, आणि "मला उठव, मला काही होत नाही" हे स्वतः आधी म्हणा. पाणी आपोआप वाढतं. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर किती पाणी चालेल ते डॉक्टर सांगतील तेवढंच.

गुडघ्याखाली उशी नको. आराम वाटतो, पण गुडघ्यामागच्या शिरा दबतात, आणि बदललेला गुडघा वाकलेलाच राहायला शिकतो. पाय उंच ठेवायचा तर टाच आणि पोटरीला सलग आधार द्या. खुर्चीत पाय लोंबकळत ठेवून मालिका संपेपर्यंत बसणंही नको. जाहिराती लागल्या की उठून एक फेरी.

८. प्रवास

मुंबई-पुण्यात ऑपरेशन करून बरेच लोक गावी जातात. सहा-सात तासांचा रस्ता असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. गाडीनं जाताना दर तासाला थांबून दोन मिनिटं चालवा, बसल्या बसल्या घोटे हलवत राहायला सांगा. पुढची सीट मागे सरकवून पाय मोकळे ठेवा. त्या दिवशीचा औषधाचा डोस हाताशी असू द्या, डिकीतल्या बॅगेत नको.

ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांच्या घरी आणखी एक प्रश्न येतो. ऑपरेशन उरकून घेऊ आणि लगेच अमेरिकेला जाऊ, असा बेत ठरतो. सांधा बदलल्यानंतर पहिल्या काही आठवड्यांत लांबचा विमानप्रवास धोक्याचा असतो, पुष्कळ सर्जन तीन महिने थांबायला सांगतात. तिकीट काढण्याआधी तारीख त्यांच्याकडून घ्या.

९. लक्षणं: काय दिसलं की थांबायचं नाही

पायाची लक्षणं: एका पायाला वाढती सूज, पोटरीत किंवा मांडीत खेचल्यासारखं, गोळा आल्यासारखं दुखणं, कातडी गरम लागणं, रंग बदलणं. आपल्या सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. हाताचा पालथा भाग दोन्ही पोटऱ्यांना लावून उष्णता ताडून पाहा.

आता मोजपट्टी. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तो पाय थोडा सुजतोच, मग वेगळं कसं कळणार? गुडघ्याच्या वाटीखाली नडगीच्या हाडाचा जो उंचवटा लागतो, त्याच्या दहा सेंटिमीटर खाली दोन्ही पायांवर पेनानं खूण करा. रोज सकाळी एकाच वेळी घेर मोजून वहीत लिहा. साधी सूज पाय उंच ठेवून रात्रभरात उतरते आणि दिवसेंदिवस कमी होते. घेर अचानक वाढला, किंवा दोन पायांत तीन सेंटिमीटरहून जास्त फरक दिसला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. माप ठीक असूनही पेशंट दुखतंय म्हणत असेल तर पेशंटचं ऐका, पट्टीचं नाही. पाऊल वर ओढून पोटरी दुखली तर गुठळी, नाही दुखली तर नाही, अशी घरगुती परीक्षा फिरत असते. तिच्यावर विसंबू नका, ती दोन्ही बाजूंनी चुकते.

तपासणी सोपी आहे: पायाचा कलर डॉपलर, म्हणजे सोनोग्राफीच. सुई नाही, दुखत नाही. डी-डायमर नावाची रक्ताची तपासणी ऑपरेशननंतर तशीही वाढलेली येते, त्यामुळे डॉक्टरांनी थेट डॉपलर सांगितला तर ते बरोबरच आहे.

फुप्फुसाची लक्षणं: अचानक दम लागणं, श्वास आत घेताना छातीत कळ, खोकल्यातून रक्त, छातीत धडधड, घेरी येणं किंवा शुद्ध हरपणं. इथे डॉपलर नाही, ओळखीच्या डॉक्टरांचा फोन नाही, "गॅस असेल" म्हणून ओवा-सोडा नाही. १०८ ला फोन करा किंवा हाताशी असलेल्या गाडीनं आयसीयू असलेल्या जवळच्या दवाखान्यात न्या. पेशंटला जिने चालत उतरवू नका, खुर्चीत बसवून उतरवा. पोचल्यावर पहिलं वाक्य हे असू द्या: "अमुक तारखेला ऑपरेशन झालंय, गुठळीचं अमुक औषध चालू आहे." कॅज्युअल्टीत या एका वाक्यानं तपासाची दिशा ठरते, म्हणून फाईल उचलायला विसरू नका.

१०. कधीपर्यंत

पहिले काही आठवडे सर्वांत जपायचे, साधारण तीन महिन्यांपर्यंत सावध राहायचं. पेशंट पूर्वीसारखा हिंडू-फिरू लागला की मोजे सुटतात, औषध ठरल्या तारखेला बंद होतं. बंद करण्याच्या भेटीत सर्जनना विचारा की पुढचं ऑपरेशन झालं तर काय काळजी घ्यायची. दुसरा गुडघा बऱ्याचदा वर्ष-दोन वर्षांत करावा लागतो. या वेळी कोणतं औषध दिलं, ते सोसलं का, रक्तस्राव किंवा सूज झाली का, हे डिस्चार्ज कार्डच्या मागे आपल्या हातानं लिहा आणि ते कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात घालून फाईलमध्ये सगळ्यांत वर ठेवा. गुठळी झालीच असेल तर पेशंटच्या भावंडांना आणि मुलांनाही सांगा, कारण त्यांच्या ऑपरेशनच्या वेळी "घरात कुणाला झाली होती का?" हा प्रश्न त्यांना विचारला जाणार आहे.